प्राणी हलवताना रोगही गाडीत चढतो

वन्यप्राण्यांचा कळप एका रानातून उचलून दुसऱ्या रानात सोडायचा म्हटले की जगात कुठेही तेच दोन आवाज आधी उठतात. पशुपालक म्हणतात, ‘रोगट जनावरे आमच्या कुरणाशेजारी आणून टाकू नका.’ वन्यजीवप्रेमी म्हणतात, ‘रोगाचे निमित्त पुढे करता, खरे तर तुम्हाला रानच नको आहे.’ अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात यलोस्टोन उद्यानाच्या बायसनवरून, म्हणजे गव्यासारख्या दिसणाऱ्या तिथल्या केसाळ रानटी जनावरांवरून, हे भांडण कित्येक वर्षे चालले आहे. विधिमंडळात झाले, न्यायालयात झाले, उद्यानाच्या सीमेवर बर्फात उभे राहूनही झाले. एका बाजूला सरसकट बंदी हवी, दुसरीला मोकळीक हवी. या गदारोळात जंतूबद्दल मात्र कुणी फारसे बोलत नाही. तो कोणत्या प्राण्यात आहे, कशातून बाहेर पडतो, किती काळ दडून राहतो, हे प्रश्न बाजूला पडतात आणि ‘तू कोणाच्या बाजूचा?’ एवढेच उरते.

माझी बाजू आधीच सांगतो. वन्यप्राणी हलवण्यावर नियम हवेत, आणि कडक हवेत. ज्यांना रान वाचवायचे आहे त्यांनीच ते सर्वात आधी मागायला हवेत. पण तो नियम प्राण्याची जात पाहून लावायचा नाही, रोग आणि प्रवास पाहून लावायचा. कुरणावर चढणाऱ्या मेंढीलाही तो तितकाच लागू झाला पाहिजे. आज अनेक ठिकाणी जे नियम आहेत त्यांत कडकपणा भरपूर आहे, पण तो चुकीच्या जागी आहे.

पाळीव जनावरांच्या बाबतीत हा धडा जगाने शंभर वर्षांपूर्वीच घेतला. १९२० मध्ये भारतातून ब्राझीलला निघालेली वशिंडाची गुरे बेल्जियममधल्या अँटवर्प बंदरात थांबली आणि त्यांच्याबरोबर बुळकांडी ही गुरांची जीवघेणी साथ युरोपात उतरली. या धक्क्यातून २८ देश एकत्र आले आणि १९२४ मध्ये पॅरिसमध्ये पशुरोगांसाठी आंतरराष्ट्रीय कार्यालय स्थापन झाले, तीच आजची जागतिक पशुआरोग्य संघटना. म्हणजे एका जहाजातली गुरे भोवली आणि गुरांच्या प्रवासाला प्रमाणपत्र, तपासणी, विलगीकरण ही शिस्त लागली. ती लावताना गुरांचा व्यापार बंद करा असे कुणी म्हटले नाही. मग रानातल्या प्राण्याला ट्रकमध्ये घालताना तीच शिस्त मागितली तर ती वन्यजीवविरोधी कशी ठरते?

या प्रश्नावर बोलणाऱ्या प्रत्येकाने कॅनडाच्या वुड बफेलो उद्यानाची हकिगत वाचावी असे मला वाटते. १९२२ मध्ये हे उद्यान उत्तरेकडच्या वुड बायसनसाठी राखले गेले. तेव्हा तिथे सुमारे दीड हजार वुड बायसन होते, त्या उपजातीचे जवळजवळ शेवटचे. त्याच सुमारास दक्षिणेत, अल्बर्टातल्या वेनराइट इथल्या कुंपणाच्या उद्यानात मैदानी बायसनची संख्या फार वाढली. त्यांना मारले तर लोक ओरडणार, ठेवले तर चारा पुरत नाही. शेवटी त्यांना उत्तरेला पाठवायचे ठरले. त्या कळपात क्षयरोग आहे हे माहीत होते. प्राणिशास्त्रज्ञांनी लेखी विरोध केला, की रोग जाईल आणि दोन उपजातींचा संकरही होईल. वरून उत्तर असे, की कोवळी जनावरेच पाठवू, त्यांच्यात रोग नसेल. १९२५ ते १९२८ या चार वर्षांत ६,६७३ बायसन आधी रेल्वेने आणि मग नदीतल्या तराफ्यांवरून नेऊन सोडले. पुढे शास्त्रज्ञांनी सांगितले तसेच झाले. संकर झाला, क्षय पसरला, ब्रुसेलोसिस हा जनावरांना गाभडवणारा रोगही तिथे घर करून बसला. १९९० मध्ये केंद्र सरकारच्या समितीने शिफारस केली, की या परिसरातले सगळे बायसन मारून निरोगी कळप नव्याने आणावा. एवढ्या कत्तलीला लोक तयार होणे शक्यच नव्हते आणि ती शिफारस कागदावरच राहिली. रोग अजून तिथेच आहे.

या हकिगतीत पशुपालक खलनायक नाहीत. हा निर्णय घेतला तो बायसनचे भले चिंतणाऱ्यांनी, आणि प्राण्यांना मारावे लागू नये म्हणून घेतला. सद्भावना होती, तपासणी नव्हती. नियम नको म्हणणाऱ्या मित्रांना मला हेच विचारायचे आहे: त्या वेळी एखाद्या कायद्याने ती पहिली रेल्वेगाडी अडवली असती, तर बायसनचे नुकसान झाले असते की रक्षण?

हा प्रकार एकदाच घडला असे नाही. अमेरिकेच्या आग्नेय भागात रॅकून या छोट्या रानटी प्राण्यातला रेबीज वर्षानुवर्षे हळूहळू उत्तरेकडे सरकत होता. १९७० च्या दशकात शिकारीसाठी फ्लोरिडाकडचे रॅकून व्हर्जिनियाच्या बाजूला आणून सोडण्यात आले. त्यातून मध्य अटलांटिक किनाऱ्यावर नवीन केंद्र तयार झाले आणि पुढच्या काही दशकांत तो रेबीज पूर्व किनाऱ्यावर सगळीकडे पोचला. हरणवर्गातला मेंदूचा असाध्य रोग, क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, कॅनडातून आणलेल्या एल्क या मोठ्या हरणांबरोबर थेट दक्षिण कोरियात गेला आणि २००१ मध्ये तिथे आढळला. मध्ये अख्खा प्रशांत महासागर आहे.

यावर एक युक्तिवाद नेहमी येतो: रानातला प्राणी स्वतःच्या पायाने हिंडतोच, रोग तसाही पसरणार, मग ट्रकला कशाला अडवता? ऐकायला हे पटते. पण पायी चालणारा प्राणी रोग एका खोऱ्यातून पुढच्या खोऱ्यात नेतो. वाटेत नद्या असतात, हिवाळे असतात, आजारी प्राणी मागे पडतो, मरतो. ट्रक रात्रीत हजार किलोमीटर कापतो आणि आजारी प्राण्यालाही सुखरूप पोचवतो. निसर्गात जी चाळणी असते ती आपण गाडी लावून काढून टाकतो. ती काढली, की तिच्या जागी दुसरी चाळणी बसवणे आपल्याच गळ्यात येते.

आता पशुपालकांचे म्हणणे, त्याच्या पूर्ण ताकदीनिशी. ब्रुसेलोसिस झालेली बायसनची मादी साधारण हिवाळ्याच्या शेवटी किंवा वसंतात गाभडते. बर्फावर किंवा नुकत्या उगवलेल्या गवतावर ते अर्धवट वाढलेले वासरू पडलेले असते, त्याच्यासोबत वार आणि पाणी. त्यात जंतू खच्चून भरलेले असतात आणि थंडीत ते कित्येक दिवस, कधी काही आठवडे जगतात. जवळून जाणारी गाय नवजाताचा वास आला की थांबते, हुंगते, चाटते. तो तिचा स्वभावच आहे. पुढच्या वेताला ती स्वतः गाभडते. मालकाला कळते तोवर कळपात अर्ध्या गायींना लागण झालेली असू शकते. मग कळपाची नाकेबंदी, विक्री बंद, तपासण्यांवर तपासण्या, कधी सगळी जनावरे कापायची पाळी. माणसालाही हा रोग होतो. महिनोन्‌महिने चढउतार होणारा ताप, सांध्यांच्या वेदना. दोन कळपांत रोग सापडला म्हणून २००८ मध्ये मोंटाना राज्याचा ‘ब्रुसेलोसिसमुक्त’ दर्जा गेला आणि ज्यांच्या गुरांचा या प्रकाराशी काही संबंध नव्हता त्यांनाही गुरे राज्याबाहेर विकताना तपासणीचा जाच सोसावा लागला. रान पाहायला येणारा दोन दिवस राहतो, फोटो काढतो, जातो. धोका मात्र कुंपणाला कुंपण लागून असलेल्या माणसाच्या अंगावर राहतो. ही तक्रार न्याय्य आहे. तिला ‘मांसउद्योगाचा कट’ म्हणून झटकणाऱ्यांनी गाभडलेली गाय कधी जवळून पाहिली नसावी.

म्हणूनच नियम बरोबर जागी लागला पाहिजे. यलोस्टोनच्या भागात काय झाले ते पाहा. बायसनमध्ये हा रोग १९१७ मध्ये पहिल्यांदा आढळला, आणि तो त्यांच्याकडे आला तो बहुधा गोऱ्या वसाहतकऱ्यांच्या गुरांकडून. आज त्या कळपातल्या निम्म्याच्या आसपास जनावरांच्या रक्तात रोगाच्या खुणा सापडतात. त्यामुळे सगळा रोख बायसनवर. १९९६-९७ च्या कडक हिवाळ्यात चाऱ्यासाठी उद्यानाबाहेर पडलेले हजाराहून अधिक बायसन मारले गेले. २०११ मध्ये राज्याने रानटी बायसन कुठे सोडण्याआधी व्यवस्थापन आराखडा सक्तीचा करणारा कायदा केला. आणि २०१७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या समितीने हिशेब मांडला, तेव्हा दिसले ते असे: १९९८ पासून त्या परिसरात लागण झालेल्या २७ पाळीव कळपांमागे सगळीकडे एल्कच होते. बायसनकडून नाही. एल्क कुंपणावरून उडी मारतो, डोंगर ओलांडतो, शिकाऱ्यांना हवाहवासा असतो. त्याला बायसनसारखे उद्यानात डांबून ठेवा असे कुणी म्हणत नाही. शिवाय शेजारच्या वायोमिंगमध्ये हिवाळ्यात ठरावीक जागी गवत टाकून एल्कला खाऊ घालण्याची जुनी रीत आहे, आणि भर गाभणपणाच्या दिवसांत एल्कची अशी दाटी होणे म्हणजे या रोगाला आयतेच रान मिळणे. एवढे कळूनही सगळा कडकपणा बायसनवरच राहत असेल तर त्याने कोणाची गाय वाचते?

एल्कने रोग आणला याचा अर्थ बायसन निर्धोक झाला असा मी काढत नाही. इतकी वर्षे बायसनला गुरांपासून दूर ठेवले, म्हणूनही त्याच्याकडून लागण झाली नसेल. हे मान्य करायलाच हवे. पण ज्या वाटेने चोर रोज येतो ती उघडी ठेवून दुसऱ्याच दाराला तीन कुलपे लावण्यात शहाणपण नाही.

आणि चोर नेहमी रानातूनच येतो असे तरी कुठे आहे? १८८० च्या दशकाच्या अखेरीस आजच्या इरिट्रियाच्या किनाऱ्यावर बाहेरून आणलेल्या गुरांबरोबर बुळकांडी आफ्रिकेत शिरली. दहाएक वर्षांत ती खंडाच्या दक्षिण टोकाला पोचली. गुरे तर गेलीच, इथिओपियात भयंकर दुष्काळ पडला, आणि त्यांच्याबरोबर रानातल्या म्हशी आणि वाइल्डबीस्ट हे कळपाने राहणारे कुरंगही पटापट मेले. पुढे १९६० च्या आसपास पूर्व आफ्रिकेतल्या सेरेंगेटी रानाच्या भोवतालच्या गुरांना लसी टोचल्या गेल्या. वाइल्डबीस्टला कुणी सुई लावली नव्हती. तरी त्यांच्यातला रोग ओसरला आणि अडीच लाखांच्या आसपास असलेले वाइल्डबीस्ट १९७० च्या दशकात दहा लाखांच्या पलीकडे गेले. गोठा सुधारला आणि रान भरले. अमेरिकेतल्या रानटी बिगहॉर्न मेंढ्यांचे कळपच्या कळप आजही पाळीव मेंढ्यांकडून आलेल्या न्यूमोनियाने मरतात. मंगोलियात २०१६-१७ च्या हिवाळ्यात शेळ्या-मेंढ्यांचा पीपीआर हा साथीचा रोग सायगा हरणांत घुसला आणि हजारो सायगा मेले. मग रानातल्या प्राण्याने गावाशेजारी यायला परवाना लागतो, तर मेंढ्यांचा कळप रानाशेजारच्या कुरणावर चढवताना त्याच कसोट्या का नकोत? एकाच दिशेने उघडणारे दार रोगाला अडवू शकत नाही.

दुसऱ्या बाजूचा सर्वात भक्कम मुद्दा वेगळाच आहे. तो असा, की नियम कागदावर शास्त्रीय असतो आणि प्रत्यक्षात तो नकाराधिकार होतो. ‘अजून अभ्यास हवा’ म्हणत फाइल दहा वर्षे फिरवायची, तोवर प्राणी संपतो. ही भीती खोटी नाही. गीरच्या सिंहांपैकी काहींना मध्य प्रदेशातल्या कुनोला हलवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये दिला. कारण सरळ होते: जगातले सगळे आशियाई सिंह एकाच टापूत असतील तर एक साथ पुरे. १९९४ मध्ये सेरेंगेटीत कुत्र्यांमधला डिस्टेंपर हा विषाणूचा रोग सिंहांत शिरला आणि सुमारे तिसरा हिस्सा सिंह गेले, हे उदाहरण समोर होतेच. सिंह हलले नाहीत. सप्टेंबर २०१८ मध्ये गीरच्या दलखाणिया भागात सिंह मरू लागले, वीसहून अधिक गेले, आणि त्यात तोच डिस्टेंपरचा विषाणू सापडला. तिथे प्राणी न हलवणे हाच रोगाचा धोका होता. म्हणून नियम करताना ‘हलवले तर काय होईल’ याच्या शेजारी ‘हलवले नाही तर काय होईल’ हेही लिहून काढायची सक्ती हवी. आणि उत्तर द्यायला मुदत हवी. मुदत नसलेला नियम हा नियम नसून टाळाटाळ आहे.

चाचण्या रानटी प्राण्यांवर भरवशाच्या नसतात, हाही आक्षेप येतो, आणि तो बहुतांशी खरा आहे. ब्रुसेलोसिसची सर्वात साधी चाचणी पाहा. पांढऱ्या फरशीवर रक्तातल्या पिवळसर पाण्याचा एक थेंब, त्याच्याशेजारी रंगवलेल्या मेलेल्या जंतूंचा गुलाबी थेंब. दोन्ही काडीने मिसळायचे आणि चार मिनिटे फरशी हलकेच डुलवायची. थेंब एकसारखा गुलाबी राहिला तर ठीक. त्यात दही फुटल्यासारख्या बारीक गुठळ्या धरल्या तर लागण. इतके सोपे. पण आईच्या पोटातच लागण झालेली कालवड या चाचणीत कधी कधी साफ निरोगी दिसते आणि पहिल्या वेताच्या वेळी रोग बाहेर काढते. क्षयाची कातडीवरची चाचणी तर टोचल्यावर ७२ तासांनी वाचायची असते. गाय खोड्यात उभी राहते, पुन्हा धरता येते. रानटी म्हैस तीन दिवस डांबून ठेवायची आणि पुन्हा पकडायची, तर त्या धसक्यानेच ती स्नायू गळून मरू शकते.

पण या अडचणीतून ‘चाचणी नकोच’ असा निष्कर्ष निघत नाही. निघतो तो असा, की एका चाचणीवर विसंबू नका, वेळ घ्या. यलोस्टोनच्या बायसनबाबत नेमके हेच केले गेले. निरोगी दिसणारी जनावरे वेगळी काढली, पुन्हा पुन्हा रक्त तपासले, मादी निरोगी विते की नाही ते पाहिले, आणि मगच त्यांना मूळ रहिवाशांच्या फोर्ट पेक इथल्या जमिनीवर पाठवले. दक्षिण आफ्रिकेत क्रुगर उद्यानाच्या रानम्हशी लाळ्या-खुरकूत, क्षय अशा रोगांचे घर मानल्या जातात. तिथेही वासरे वेगळी वाढवून रोगमुक्त कळप तयार केले गेले. खर्च येतो, वर्षे जातात, काही जनावरे दगावतात. पण प्लेगच्या काळातल्या रागुसा शहराने, म्हणजे आजच्या दुब्रोव्हनिकने, १३७७ मध्ये हेच केले होते. साथीच्या गावाहून आलेल्याला तीस दिवस बाहेर थांबवले आणि बंदर चालू ठेवले. व्यापारावर जगणाऱ्या शहराला बंदर बंद करणे परवडणारे नव्हते, आणि प्लेग आत घेणेही. रानाचे तसेच आहे.

थांबवणे आणि तपासणे नको असेल तर उरते काय? कुंपणे आणि कत्तल. बोट्स्वानाने गोमांसाची निर्यात टिकवण्यासाठी पशुरोगाची लांबलचक कुंपणे घातली आणि १९८० च्या दशकातल्या दुष्काळात पाण्याकडे निघालेले हजारो वाइल्डबीस्ट त्या तारांशी मेले. ब्रिटनमध्ये गुरांचा क्षय रोखण्यासाठी बॅजर हा बिळात राहणारा प्राणी मारण्याचा मोठा प्रयोग १९९८ पासून झाला. जिथे एखाद्या शेतावर रोग दिसल्यावर आसपासचे बॅजर मारले, तिथे गुरांतला क्षय उलट वाढला आणि प्रयोगाचा तो भाग २००३ मध्ये थांबवावा लागला. वाचलेले बॅजर विस्कटले, जास्त लांब हिंडू लागले.

मग नियमात काय हवे? प्रत्येक खेपेसाठी दोन्ही टोकांची पाहणी: निघतो तिथे कोणते रोग आहेत आणि पोचतो तिथल्या गुरांत कोणते आहेत, तिथे लसीकरण झाले आहे का. रोगागणिक वेगळा थांबा, कारण लाळ्या-खुरकुताचे दिवस आणि क्षयाची वर्षे एका मापाने मोजता येत नाहीत. खासगी शिकारक्षेत्रांची आणि हरीणपालनाची खरेदी-विक्रीही त्याच जाळ्यात, कारण कोरियाला गेलेला रोग संवर्धनवाल्यांनी पाठवला नव्हता. प्रत्येक प्राण्याच्या रक्ताचा नमुना गोठवून ठेवायचा, म्हणजे पाच वर्षांनी गावातल्या गुरांत रोग निघाला तर तो या कळपाबरोबर आला की आधीच होता, हे भांडून नव्हे, तपासून ठरवता येईल. निर्णय वन खाते आणि पशुसंवर्धन खाते यांनी मिळून, लेखी कारणांसह, मुदतीत द्यायचा. आणि सर्वात महत्त्वाचे: एवढे करूनही लागण झाली तर पशुपालकाला भरपाई ताबडतोब, प्राणी हलवणाऱ्याच्या खर्चात आधीच बाजूला काढून ठेवलेल्या पैशातून. रान सगळ्यांचे असेल तर त्याची जोखीम एकट्या शेजाऱ्याने का पेलायची? ही तरतूद नसेल तोवर पशुपालकाने ‘नको’ म्हटले तर मी त्याला दोष देणार नाही.

कॅनडातच याची दुसरी बाजूही आहे. वुड बफेलो उद्यानाच्या एका दुर्गम कोपऱ्यात १९५० च्या दशकाच्या अखेरीस संकरापासून बऱ्याच अंशी वाचलेले वुड बायसन सापडले. त्यांतले १८ जण १९६३ मध्ये मॅकेंझी नदीच्या पलीकडे नेऊन सोडले गेले. त्यांचा वंश वाढला आणि त्यात क्षय नाही, ब्रुसेलोसिस नाही. पण दक्षिणेला तो जुना रोगट कळप आहेच. त्यातला एखादा बायसन चालत उत्तरेला गेला तर सगळे मुसळ केरात. म्हणून १९८७ पासून दोघांच्या मध्ये एक मोकळा पट्टा ठेवला आहे. तिथे एकही बायसन असू द्यायचा नाही असा दंडक आहे. हिवाळ्यात विमानाने त्या पट्ट्यावरून घिरट्या घालून बर्फात खुरांच्या खुणा शोधतात, आणि बायसन दिसला तर तो मारावा लागतो, मग तो रोगट असो की निरोगी. १९२५ ते १९२८ च्या त्या गाड्या तपासल्या असत्या, तर त्या पट्ट्यात आज बायसन चरत असते.